डावीकडची सीट

सोमवार, ५ डिसेंबर १९७७

अकरा महिने ही वही कोरीच होती. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून दुकानात वजनकाटे येतात त्यानं जानेवारीत भेट पाठवली, आणि मी तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. आज लिहायला घेतली, कारण डोकं तापलंय आणि घरात ऐकून घेणारं एकच माणूस आहे, बायको, तेही लेकाच्या बाजूचं.

शिवप्पाचं पुण्याहून पत्र आलंय. दिवाळीत तो आला होता तेव्हा फाटकातून गाडी आत घेताना माझा डावा मडगार्ड खांबाला घासला. एवढंच. त्याआधी दूधवाल्याच्या सायकलला लागला होता, पण तो दूधवालाच वाकडा चालतो. तर चिरंजीव लिहितात, "अप्पा, तुमचं वय छप्पन. आता गाडी विका. आमच्या ऑफिसातले एक साहेब घ्यायला तयार आहेत." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते असं.

गाडी म्हणजे माझी एमजी. दोनच सीटा, वरचं टप काढता येतं. गिरणीतल्या इंग्रज इंजिनियरनं एकसष्ट साली मायदेशी जाताना मला दिली. गिअरबॉक्स मोडलेला होता आणि दोन सीटांची गाडी सोलापुरात कुणाला हवी होती? मी काटे दुरुस्त करणारा माणूस, गिरणीचा भुईकाटा मीच बघायचो. चार महिने खपून ती चालती केली. तेव्हापासून दुकान, मंडई, दर सोमवारी सिद्धेश्वर, सगळं तिच्यातूनच.

योगायोग असा की मोटरहौशी मंडळाचं पत्रकही आजच आलं. २२ जानेवारीला होटगी रस्त्याच्या माळावर 'ऑटोक्रॉस'. तेलाचे रिकामे डबे मांडून वळणावळणाची वाट करायची, एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. डब्याला लागलं की पाच सेकंद दंड. रोज रस्त्यावर चालणारी गाडी चालते.

मी लगेच शिवप्पाला लिहिलं: त्या दिवशी ये. एकाही डब्याला न लावता फेरी पुरी केली तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही. लागला तर किल्ली त्याच जागी तुझ्या साहेबांसाठी घेऊन जा.

दानम्मा म्हणाली, "अवो, लिहिलं ते मागं घेता येणार न्हाय."

"घेणार कोण?" मी म्हणालो. पाकीट चिकटवून टाकलं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. ती गाडी गेली तर मी म्हातारा झालो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बुधवार, ७ डिसेंबर

नुसतं डबे चुकवून भागायचं नाही, वेळही चांगली यायला पाहिजे. म्हणजे गाडी हलकी करणं आलं. हणमंत मिस्त्रीनं पाने आणले. वीस वर्षं गॅरेज चालवतोय, बोलतो कमी, हात चांगला. पुढचा-मागचा बंपर, जादा चाक, टप, जॅक, सगळं काढून दुकानातल्या काट्यावर तोललं आणि भिंतीवर खडूनं लिहिलं. मग डावीकडची सीट काढली. तेरा किलो.

ही सीट दानम्माची. तेरा किलो गेले आणि शिवाय बडबड गेली. ती शेजारी बसली की सारखी चालू असते. डावीकडं टांगा आलाय की. डावीकडं म्हैस बसलीय. अवो, सायकल. जसं काही मला दिसतच नाही.

"मग मी कुटं बसू?" तिनं विचारलं.

"दीड महिना रिक्षानं जा."

मी वर सज्जावर टाकणार होतो ती सीट तिनं उचलून सैपाकघरात नेली, भिंतीला टेकवली आणि तिच्यावर बसून ज्वारी निवडायला लागली. चांगलं दिसत होतं खरं तर. महाराणीच.

रविवार, ११ डिसेंबर

माळावर पहिला सराव. फक्कीच्या रेघा मारून दोन्ही बाजूंनी बारा डबे ठेवले. गाडी अशी पळाली म्हणता! पण डावीकडचे चार डबे आहेत ना, त्यांतले तीन उडवले. उजवीकडचा एकही नाही.

अर्थ उघड आहे. गाडी डावीकडं ओढतेय. पुढच्या चाकांचा मेळ बिघडलाय. हणमंतला तसं सांगितलं तर त्यानं चाकं दोरी लावून मोजली, दोनदा. "काका, चाकं बरोबर हायत," म्हणाला. मी म्हणालो, पुन्हा मोज.

शुक्रवार, १६ डिसेंबर

चाकांचा मेळ माझ्या मनासारखा करून घेतला. टायरमध्ये हवा वाढवली, शॉकॲब्सॉर्बरमध्ये जाड तेल घातलं. परवा बघू.

घरात मात्र दानम्माचं लक्ष ठिकाणावर नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा भाकरीबरोबर शेंगाचटणी वाढली नाही. मी बोललो तर म्हणाली, "वाढलीय की." बघतो तर ताटात आहे, डावीकडं, मिठालिंबाजवळ, जिथं असायची तिथंच. मगाशी नव्हती असं मी शपथेवर सांगतो. मागाहून गुपचूप वाढून मलाच वेड्यात काढते. चव्वेचाळीस सालापासूनचा संसार, आता ही थट्टा सुचतेय.

रविवार, १८ डिसेंबर

तीन डबे. तेच डावीकडचे.

हणमंतनं तीच गाडी घेऊन फेरी मारली आणि एकही पाडला नाही. पण तो हळू चालवतो, आणि माणूस कसा, फुंकलं तर उडेल. त्याच्या वजनानं गाडीला फरक पडत नाही. मी ऐंशी किलोचा. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता, पण बघत होता माझ्या तोंडाकडं.

मंगळवार, २० डिसेंबर

सापडलं. इतकी साधी गोष्ट, आणि मी काटेवाला असून मला कळू नये!

रिकामं भांडं ठेवून तेल तोलायचं असलं तर आधी दुसऱ्या पारड्यात भांड्याच्या वजनाचा धडा ठेवतात. धडा नसला तर काटा खोटं बोलतो. सोळा वर्षं माझ्या डाव्या हाताला दानम्मा होती. गाडीच्या स्प्रिंगा त्या वजनाला सरावल्यात. मी डावं पारडं मोकळं केलं आणि काटा बरोबर दाखवेल म्हणून वाट बघत बसलो. गाढव मी.

संध्याकाळी तिला दुकानात बोलावलं आणि पोत्यांच्या काट्यावर उभी राहा म्हणालो.

"का? गुळाबरोबर तोलून वाटणार हाय काय मला?"

"वजन बघायचंय."

"बायामाणसांचं वजन करत्यात व्हय असं बाजारात?" शेवटी शटर अर्धं ओढल्यावर उभी राहिली. हसत होती, त्यामुळं काटा थरथरत राहिला. चौपन्न किलो. मी बरोब्बर चौपन्न किलो ज्वारीचं पोतं भरलं आणि तोंड शिवलं. ती बघत उभी होती. "माज्या जागी हे?" म्हणाली, आणि मग, "आयतु." आमच्या कन्नडात आयतु म्हणजे ठीक, झालं. पण ते ठीक वाटलं नाही.

रविवार, २५ डिसेंबर

पोतं बांधून फेरी मारली. पहिला डबा गेला. दुसरा गेला. चौथ्याला असा लागलो की पोत्याची शिवण उसवली आणि गाडीभर ज्वारी झाली. माळावरच्या शेळ्या लगेच आल्या, त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

मी हणमंतवर ओरडलो. नको होतं ओरडायला, बिचारा गुडघ्यावर बसून ज्वारी गोळा करत होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, वजन बरोबर हाय तुमचं. पर पोतं बोलत न्हाय की."

हा काय बोलतो, मला कळत नाही. नशापाणी तर करत नाही.

सोमवार, २ जानेवारी १९७८

नवीन वर्ष, जुनीच वही. पानं शिल्लक आहेत.

आठ दिवस गाडीला हात लावला नाही. स्टिअरिंगचे सांधे बदलावेत का? सुटे भाग कुठून आणणार? वीस दिवस राहिले. रात्री झोप लागत नाही, डोळे मिटले की तेलाचे डबेच दिसतात.

दानम्मानं नवीनच काढलंय. ताटात चटणी, मीठ, लिंबू सगळं उजवीकडं वाढते. नैवेद्य असा उलटा दाखवशील का, असं विचारलं. "देवाला दिसतंय सगळीकडचं," म्हणाली आणि आत गेली. माझं काय चुकलं?

शनिवार, १४ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. मुंगीला शिरायला वाट नाही एवढी माणसं. हल्ली दानम्मा चालताना नेहमी माझ्या डाव्या हाताला असते, कोपर धरून. पूर्वी दोन पावलं मागं असायची. पाळण्यांजवळ कोपर सुटलं आणि ती नाहीशी झाली. मी हाका मारल्या, उजवीकडं बघितलं, मागं बघितलं. एवढ्या वर्षांत असा घाबरलो नव्हतो.

मग माझ्या दंडाला हात लागला. "हितंच हाय की मी," म्हणाली. डावीकडं, हातभरावर. म्हणे मघापासून तिथंच उभी होती.

मी तिला सगळ्यांदेखत बोललो. चुरमुरे घेतले, ते दोघांनीही खाल्ले नाहीत.

सोमवार, १६ जानेवारी

आज जे झालं ते लिहिणं जड जातंय, पण लिहितो.

दुपारी सराफाचा नाजूक काटा लावत होतो. दानम्मा डबा घेऊन दुकानात आली आणि समोर बसली. काटा वाचायची आमची एक रीत आहे. एक डोळा मिटून समोरून बघायचं, म्हणजे काटा रेघेवर आहे की नाही ते चुकत नाही. वडिलांनी शिकवल्यापासून मी डावा डोळा मिटतो.

ती म्हणाली, "अवो, आज दुसरा डोळा मिटून बघा."

"का?"

"बघा तर. माज्यासाठी."

मी उजवा मिटला. काटा नव्हता. रेघा नव्हत्या. पितळेचा पिवळा ढग, आणि त्याच्या पलीकडं ती बसली होती तिथं थोडा उजेड. मी उजवा उघडला, सगळं जागेवर आलं. पुन्हा मिटला. पुन्हा गेलं. असं किती वेळा केलं ठाऊक नाही. शेवटी तिनं माझे दोन्ही हात धरून खाली ठेवले.

खांब, दूधवाला, चटणी, डबे. एकेक आठवत गेलं. हणमंतला किती बोललो मी.

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"श्रावणापासनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत हुते की. रोज सांगत हुते. डावीकडं सायकल, डावीकडं म्हैस, डावीकडं टांगा." ती रडत नव्हती, पण डब्याची कडी उगीच लावत-काढत होती. "सरळ सांगितलं असतं तर तुमी काय गाडीत बसला असता पुन्यांदा?"

मी म्हणालो, शिवप्पाला तार करतो, ये म्हणून, किल्ली घेऊन जा. तर म्हणाली, "तुमी त्याला काय लिहिलं हुतं? डब्याला लावायचं न्हाय. शेजारी कुणी बसायचं न्हाय, असं लिहिलं व्हतं का?"

पत्रक काढून बघितलं. एक सोबती चालतो. दीड महिना ते माझ्या गल्ल्यात पडून होतं. गाडी हलकी करायच्या नादात ती ओळ मी वाचलीच नव्हती.

आंधळा होणार का मी? हे मी तिला विचारलं नाही, इथं विचारतोय.

गुरुवार, १९ जानेवारी

सीट सैपाकघरातून परत गाडीत गेली. तिच्या खाचेत ज्वारीचे दाणे होते. हणमंतनं चारही बोल्ट आवळले. मी म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं." तो म्हणाला, "काका, पाना द्या तेवढा."

दानम्मा त्याच्याबरोबर माळावर जाऊन वाट पायी चालून आली, दोनदा. डावीकडच्या चार डब्यांना तिनं नावं ठेवलीत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ताटात डावीकडं वाढतात त्याच क्रमानं. म्हणाली, "नंबर माज्या ध्यानात राहत न्हाईत. ताट राहतं."

डोळ्यांसाठी मिरजेला जायचं ठरलं, फेब्रुवारीत. मी हो म्हणालो. त्या अटीवरच ती बसणार आहे.

रविवार, २२ जानेवारी

अकरा गाड्या आल्या होत्या. लोक कट्ट्यावर, बैलगाड्यांवर, झाडावर. शिवप्पा सकाळच्या गाडीनं आला आणि हाताची घडी घालून दोरीपाशी उभा राहिला.

दानम्मानं इरकली नेसली होती, पदर खोचून डोक्याला माझा मफलर बांधला होता. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "काकू बसणार? वजन वाढेल, वेळ जाईल तुमचा."

"आमाला कुटं लवकर जायाचंय?" ती म्हणाली.

निशाण पडलं. मी निघालो. आजवर मी तिचं बोलणं ऐकलंच नव्हतं, नुसतं कानावर घेतलं होतं, हे मला पहिल्या वळणावर कळलं. आवाज अगदी सपाट, चुलीपुढं बसून सांगावं तसा. "मीठ आलं. हातभर जागा हाय. फिरवा. गेलं. सरळ. लिंबू येतंय, अजून न्हाय, अजून न्हाय, आता." मी उजवीकडचं बघत होतो आणि डावीकडचं ऐकत होतो. मधे एकदा मला वाटलं जागा भरपूर आहे, म्हणून पाय दाबला. "चटणी!" ती म्हणाली. "उजवीकडं घ्या. अजून घ्या." मला काहीच दिसत नव्हतं. सगळं माझ्या मनाविरुद्ध होतं, तरी घेतलं. मग तिचा श्वास सुटलेला ऐकू आला. "कोशिंबीर राहिली. सावकाश."

सावकाश गेलो.

गाडी थांबली तेव्हा माझे हात चाकावरून सुटत नव्हते. शिवप्पा सगळी वाट पायी फिरून एकेक डबा बघून आला. लेक माझाच, माझ्यासारखाच काटेकोर. चटणीच्या डब्यापाशी तो खाली बसला. फक्कीच्या रेघेवर आमच्या टायरचा ठसा होता, डबा मात्र जागेवर.

"अप्पा," तो म्हणाला, "गाडी तुमची."

आमचा नंबर दहावा. अकराव्याची गाडी सुरूच झाली नाही.

मी किल्ली काढली. शिवप्पाला वाटलं मी खिशात ठेवणार. मी ती दानम्माच्या हातात दिली आणि हणमंतला म्हणालो, "मिस्त्री, घरापर्यंत तू ने गाडी. आम्ही रिक्षानं येतो." मग शिवप्पाला डोळ्याचं सांगितलं. त्याच्या आईनं त्याला चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. तो माळावर सगळ्यांदेखत माझा हात धरून उभा राहिला. असा त्यानं शाळेच्या पहिल्या दिवशी धरला होता.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

मिरज. काचबिंदू आहे. डावीकडचं गेलं ते परत येणार नाही. उजवा थेंब टाकून राखता येईल, नेमानं टाकले तर. रस्त्यावर गाडी चालवायची नाही. डॉक्टर भले माणूस, दोनदा समजावून सांगितलं.

परतीच्या एसटीत दानम्मा डाव्या हाताला बसली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलो. लोक बघत असतील. बघोत.

सोमवार, २० मार्च

वहीचं हे शेवटचं पान.

हणमंत दीड महिना रोज पहाटे माळावर यायचा. त्याच बारा डब्यांमधून त्यानं दानम्माला गाडी शिकवली. पहिल्या आठवड्यात तिनं नऊ डबे पाडले आणि दर वेळी उतरून डब्याची माफी मागितली. गेल्या बुधवारी लायसन आलं. गल्लीत चर्चा आहे. कल्लप्पा सावकार मला म्हणाले, "बायको गाडी चालवणार आणि तुम्ही शेजारी बसणार?" मी म्हणालो, "चौपन्न किलोचं पोतं बसवून बघितलं, जमलं नाही. आता ऐंशी किलोचं बसवतोय."

आज सोमवार म्हणून सिद्धेश्वराला निघालो. फाटकातून बाहेर काढताना तिनं खांबाकडं बघितलं, मी श्वास धरला. लागली नाही. टप काढलेलं, तिच्या डोक्याला माझा मफलर.

तिच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. खाचेत अजून दोन-चार दाणे आहेत. सोळा वर्षं ती या बाजूला होती, आणि हल्ली तर मी पुरता वळल्याशिवाय दिसायची नाही. आता ती माझ्या उजव्या हाताला आहे. दिसते. कानातली कुडी, घट्ट धरलेलं चाक, ओठ मुडपून धरलेले. मी सगळा रस्ता तेच बघत होतो, रस्ता बघितला नाही.

तळ्याजवळ आलो तशी समोरची नजर न हलवता म्हणाली, "डावीकडं बगळं उतरल्यात, अवो. लई हायत."

"किती?" मी विचारलं.

"मोजू कशी? गाडी चालवतेय न्हवं. थांबल्यावर सांगते."

देवळापाशी गाडी लावल्यावर तिनं मोजून सांगितले. सतरा होते.